शरीराचे राखणदार : रोगप्रतिकारशक्ती कशी चालते आणि कोठे चुकते

धानाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला विळ्याची जखम नवी नाही. कापणीच्या हंगामात बोट कापते, रोवणीच्या दिवसांत बांधीच्या चिखलात तासन् तास उभे राहून पायांच्या बोटांत चिखल्या पडतात, बांधावरून चालताना काटा रुततो. अशा प्रत्येक प्रसंगी मातीतील व शेणखतातील असंख्य जंतू शरीरात शिरतात. तरीही बहुतेक जखमा आठ-दहा दिवसांत आपोआप भरून येतात. आत शिरलेल्या त्या जंतूंचे पुढे काय झाले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

शेतीविषयक पत्रिकेत मानवी शरीराची चर्चा कशासाठी, असे काही वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु गोंदिया जिल्ह्यात रोवणीचे पंधरा-वीस दिवस हातचे गेले तर वर्षाचे पीक हातचे जाते, आणि हे दिवस पावसाच्या लहरीमुळे जसे जातात तसेच घरातील तापामुळेही जातात. शिवाय ग्रामसेवक व कृषी कर्मचारी ज्या घरी बियाण्याची चौकशी करावयास जातात, त्याच घरी त्यांना आजाऱ्याविषयीही विचारले जाते. अशा वेळी चुकीचे उत्तर देण्यापेक्षा विषयाची मूलतत्त्वे माहीत असलेली बरी.

रोगप्रतिकारशक्ती या शब्दातील ‘शक्ती’ने पुष्कळांची दिशाभूल केली आहे. शक्ती म्हणजे ताकद, आणि ताकद म्हणजे आठवडी बाजारात मिळणारी बाटली किंवा सुईवाल्याचे इंजेक्शन, अशी समजूत सर्वत्र आढळते. वास्तविक शरीराच्या या व्यवस्थेचे काम ताकदीवर थोडे आणि तीन गोष्टींवर फार अवलंबून असते : परक्याला ओळखणे, ओळखलेल्याची आठवण ठेवणे आणि मारा बेताने करणे. आपल्या जिल्ह्यातील नेहमीचे आजार या तीन गोष्टींच्या आधारे पाहिले म्हणजे त्यांचा उलगडा होतो.

जखमेजवळची चकमक

त्वचा ही पहिली भिंत होय. ती फाटली की जखमेच्या कडेच्या पेशी धोक्याची सूचना देणारी रासायनिक द्रव्ये सोडतात. त्यामुळे तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, जखम लाल व गरम होते, रक्तातील पाणी झिरपून सूज येते. ही सूज व ठणका म्हणजे बिघाड नव्हे. रक्तातील पांढऱ्या पेशींना तेथे उतरण्यासाठी केलेली ती वाट आहे. या पेशी जंतूंना वेढून गिळतात आणि आपल्या पोटात पचवितात. रशियन शास्त्रज्ञ मेच्निकॉफ यांनी 1882 साली इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचले, तेव्हा काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. पेशी परक्या वस्तूला गिळतात ही कल्पना त्यांनी मांडली व 1908 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जखमेतून येणारा पू हा बव्हंशी या लढाईत मेलेल्या पांढऱ्या पेशींचाच असतो.

गिळणाऱ्या या पेशी तत्पर असतात, पण त्यांना बारीक भेद कळत नाही. प्रत्येक जंतूची स्वतंत्र ओळख पटविण्याचे काम दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे आहे. त्यांची ठाणी काखेत, मानेत, जांघेत आणि पोटात आहेत. पायाला जखम झाली की जांघेत दुखरी गाठ येते व कित्येक ठिकाणी तिला अवधाण म्हणतात, हे सर्वांस ठाऊक आहे. ती गाठ म्हणजे असेच एक ठाणे होय. जखमेतून जंतूंचे तुकडे तेथे आणले जातात आणि हजारो तऱ्हांच्या पेशींपैकी ज्या मोजक्या पेशींना नेमका तो तुकडा ओळखता येतो त्यांचीच झपाट्याने वाढ होते. कुलुपाला लागणारी किल्ली जुडग्यातून शोधून काढावी आणि मग त्याच किल्लीच्या शेकडो प्रती कराव्यात, तसा हा प्रकार आहे.

अशा वाढलेल्या पेशींपैकी काही रक्तात प्रतिपिंड सोडतात. प्रतिपिंड हे प्रथिनाचे अतिसूक्ष्म कण असून ते ठरावीक जंतूलाच चिकटतात, त्याचे विष निकामी करतात किंवा गिळणाऱ्या पेशींना ‘हा परका’ अशी खूण करून देतात. टी-पेशी नावाच्या दुसऱ्या पेशी शरीराच्या ज्या पेशीत विषाणू दडून बसला आहे ती पेशीच नष्ट करतात, आणि इतर पेशींना हुकूमही देतात. एचआयव्हीचा विषाणू नेमका या हुकूम देणाऱ्या टी-पेशींवर घाला घालतो, म्हणूनच उपचार न घेणाऱ्या रुग्णाला पुढे साधे जंतूही आवरत नाहीत.

ओळख, आणि ओळखीची आठवण

पहिल्या भेटीत हे सर्व घडून येण्यास आठवडा ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या अवधीत रोगी एक तर सावरतो किंवा दगावतो. पण लढाई संपल्यावर काही पेशी आठवण घेऊन मागे राहतात, आणि तोच जंतू पुन्हा आला तर दोन-चार दिवसांतच भरपूर प्रतिपिंड तयार होतात. एकदा गोवर झालेल्याला तो सहसा पुन्हा होत नाही, याचे कारण हेच.

लस म्हणजे रोग न होऊ देता ही आठवण निर्माण करण्याची युक्ती. इंग्लंडातील डॉ. जेन्नर यांनी 1796 साली गाईच्या देवीच्या फोडातील लस टोचून माणसाच्या देवीपासून संरक्षण मिळविले. मुंबईत प्लेगची साथ चालू असताना वाल्डेमार हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी आपली नवी प्लेगविरोधी लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांनी उभारलेली प्रयोगशाळा 1925 पासून त्यांच्याच नावाने ओळखली जाते. देवीचा शेवटचा रुग्ण भारतात 1975 साली आढळला. पशुपालकांना जवळचे उदाहरण हवे असेल तर 2022 सालच्या लम्पी साथीचे घ्यावे. त्या वेळी महाराष्ट्रात गाई-बैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचण्यात आली. दोन्ही विषाणू एकाच कुळातले असल्यामुळे एकाची ओळख दुसऱ्यालाही लागू पडते. जेन्नर यांचीच ही जुनी युक्ती होती.

येथे धानाच्या रोपाची तुलना उद्‌बोधक ठरेल. रोपाला रक्त नाही, फिरत्या पेशी नाहीत, गाठींची ठाणी नाहीत. प्रतिकारक वाणाच्या पानावर करप्याची बुरशी उतरली तर ती जेथे शिरते तेथील पेशी स्वतःच मरून जातात आणि ठिपका टाचणीच्या टोकाएवढाच राहतो. हा प्रतिकार मुख्यतः बियाण्याबरोबर येतो. प्रतिपिंड बनविणे रोपाला येत नाही. म्हणून बुरशीने आपले रूप पालटले की वाण बदलावे लागते. माणसाला आणि जनावराला आयुष्यभर नवे शिकण्याची सोय आहे, आणि या सोयीचा उपयोग न करणे म्हणजे घरात धान्य असून उपाशी राहण्यासारखे आहे.

या आठवणीसंबंधी दोन गोष्टी विशेष सांगण्याजोग्या आहेत. पहिली धनुर्वाताची. याचे जंतू मातीत व शेणात असतात. त्यांचे विष इतके जहाल असते की माणूस मरण्यास जेवढे पुरते तेवढे शरीराला ओळख पटण्यास पुरत नाही. त्यामुळे धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही तो पुन्हा होऊ शकतो, व त्यालाही लस घ्यावीच लागते. ‘मला एकदा होऊन गेला’ हे उत्तर येथे चालत नाही. लसीची आठवणही हळूहळू फिकी होते, म्हणून दर दहा वर्षांनी पुन्हा मात्रा द्यावी लागते. शेतात राबणाऱ्याने शेवटचे इंजेक्शन कोणत्या साली घेतले हे घरातील भिंतीवर लिहून ठेवावे.

दुसरी गोष्ट गोवराची. गोवराला ‘बाया आल्या’ म्हणून सौम्य समजण्याची चाल अजून पुरती गेलेली नाही. गोवराचा विषाणू आठवण राखणाऱ्या पेशींनाच लागतो आणि पूर्वी शिकलेल्या कित्येक जंतूंची ओळख पुसून टाकतो. मूल गोवरातून उठते, पण पुढे महिनोन् महिने त्याला न्यूमोनिया व हगवण सतावतात. आई म्हणते, पोर गोवरापासून नेहमी आजारी असते, आणि तिचे म्हणणे अक्षरशः खरे असते. नवव्या महिन्यातील व दीड वर्षाच्या सुमाराची अशा दोन्ही मात्रा आणि त्यांबरोबरचे ‘अ’ जीवनसत्त्व चुकवू नये.

उसना प्रतिकार

स्वतः शिकण्यास वेळ नसतो तेव्हा दुसऱ्याचे तयार प्रतिपिंड उसने घेता येतात. निसर्गाने ही सोय आधीच केली आहे. मानवी आईच्या रक्तातील प्रतिपिंड वारेतून गर्भाला मिळतात. गरोदरपणी आईला धनुर्वाताची लस देतात ती या हिशेबाने. भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे 2015 साली जाहीर झाले, त्यात सुरक्षित बाळंतपणाइतकाच या उसनवारीचा वाटा आहे. गाईची वार मात्र प्रतिपिंड जाऊ देत नाही. वासरू जवळजवळ रित्या हाताने जन्मते आणि त्याला पहिला साठा मिळतो तो चिकातून. त्याच्या आतड्यातून प्रतिपिंड शोषले जाण्याची वाट चोवीस तासांच्या आत बंद होते. म्हणून जन्मानंतर पहिल्या दोन तासांतच चीक पाजण्यास आरंभ करावा व पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या सुमारे दहाव्या भागाइतका चीक त्याच्या पोटात जाईल असे पाहावे. खरवस गोड लागतो हे मान्य आहे, पण वासराचा वाटा आधी.

सर्पदंशावरील प्रतिविष हेही उसनेच होय. घोड्यांना विषाच्या थोड्या थोड्या मात्रा टोचून त्यांच्या रक्तात प्रतिपिंड तयार करवितात व ते शुद्ध करून कुप्यांत भरतात. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांवर चालते. उसने असल्यामुळे ते टिकत नाही, दुसऱ्या वेळी चावा झाला तर पुन्हा घ्यावे लागते. आणि घोड्याचे प्रथिन परके म्हणून कधी कधी शरीर त्यावरच उसळते, रक्तदाब कोसळतो. यासाठीच प्रतिविष रुग्णालयातच द्यावयाचे असते. कुत्रा किंवा कोल्हा चावल्यावर दोन्ही उपाय एकत्र होतात : जखमेत उसने प्रतिपिंड आणि दंडात लस. अलर्काचा विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे सावकाश सरकतो, तेवढ्या अवधीत शरीराला शिकवून घ्यावयाचे, अशी ही शर्यत आहे. जखम साबणाने पंधरा मिनिटे धुतली तर या शर्यतीत मोठी मदत होते. चुना किंवा तिखट भरण्यात काडीचाही लाभ नाही.

सिकलसेल आणि पानथरी

आता बिघाडांकडे वळू. त्यांपैकी जो पूर्व विदर्भातील घराघरांशी निगडित आहे त्याला अधिक जागा देणे योग्य होईल.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार म्हणून ओळखला जातो. रक्तातील तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्याच्या आकाराच्या व कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडे-सांधे असह्य दुखतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस टिकते, विळ्याच्या आकाराची दहा-वीस दिवसांत फुटते, म्हणून रक्त कमी पडते. इतके पुष्कळांना माहीत असते. परंतु लहान मुलांचा प्राण बहुधा दुखण्याने जात नाही, रक्तक्षयानेही नाही. तो जातो साध्या वाटणाऱ्या तापाने, आणि त्याचे कारण पानथरीत आहे.

पानथरी पोटात डाव्या फासळ्यांखाली असते. हिवतापात ती वाढते म्हणून आपल्याकडील वडीलधाऱ्यांना तिची ओळख आहे. काखेतील गाठ जशी त्वचेवरून येणारे जंतू गाळते, तशी पानथरी रक्तात फिरणारे जंतू गाळते. काही जंतूंवर शर्करेचे बुळबुळीत वेष्टन असते व गिळणाऱ्या पेशींच्या हातून ते निसटतात. न्यूमोनिया व मेंदूज्वर आणणारा न्यूमोकोकस हा त्यांतला मुख्य. अशा निसटणाऱ्यांना पकडणे आणि त्यांच्यावर चिकटणारे प्रतिपिंड तातडीने बनविणे हे पानथरीचे खास काम होय. या अवयवात रक्त फार हळू वाहते आणि हेच सिकलसेलच्या रुग्णाला भोवते. संथ रक्तात पेशी विळ्याचा आकार घेतात, वाहिन्या तुंबतात, पानथरीचे भाग मरत जातात. आपल्याकडील कित्येक रुग्णांत पानथरी आकाराने मोठी होऊन बरीच वर्षे तशीच राहते. पण मोठी आहे म्हणजे काम करते आहे असे मुळीच समजू नये. पडक्या वाड्याला राखणदार असतोच असे नाही.

परिणाम असा की, एरवी धडधाकट दिसणाऱ्या मुलाच्या रक्तात न्यूमोकोकस शिरला तर त्याला अडविणारे ठाणेच नसते. सकाळी ताप, संध्याकाळी ग्लानी, आणि दुसरा दिवस उजाडेलच अशी खात्री नाही. म्हणून ज्या मुलाला सिकलसेल आहे त्याच्या तापाला ‘रोवणी आटोपली की दाखवू’ हे उत्तर नाही. ताप 101 अंशांवर गेला की त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, रुग्णालय गाठावे. मूल एकाएकी पांढरेफटक पडले व पोटाची डावी बाजू फुगली तर रक्त पानथरीत साठत आहे असे समजावे, तेथे तर तासांचा हिशेब असतो. डाव्या फासळीखाली बोटे ठेवून पानथरी चाचपणे आईला सहज शिकविता येते. परिचारिका किंवा आशा कार्यकर्तीने हे प्रत्यक्ष दाखवावे.

यावर उपाय आहेत व ते महाग नाहीत. न्यूमोकोकसच्या वेष्टनाची ओळख दोन वर्षांखालील मुलांच्या शरीराला नीट पटत नाही. परंतु ती शर्करा एखाद्या प्रथिनाला जोडून टोचली की पटते. अशी जोड-लस 2021 पासून देशभर सर्व बालकांना सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात विनामूल्य दिली जाते. सिकलसेल असलेल्या बालकांना याशिवाय पाच वर्षांचे होईपर्यंत रोज दोन वेळा पेनिसिलिन देण्याची पद्धत आहे. निकामी झालेल्या ठाण्याच्या जागी बाहेरून बसविलेला हा पहारा होय. गोळी कडू आहे, मूल तर चांगले खेळते आहे, मग रोज औषध कशाला, असे म्हणून घरची माणसे ती बंद करतात. पण मूल खेळते ते त्या गोळीच्या जोरावर, हे त्यांस समजावून सांगावे लागेल.

हा विकार येथे इतका का आढळतो, याचे उत्तरही प्रतिकाराशीच निगडित आहे. आईबापांपैकी एकाकडूनच दोष आला तर ते मूल वाहक असते, आजारी नसते, आणि वाहकाला घातक हिवतापापासून पुष्कळ संरक्षण मिळते. ए. सी. ॲलिसन यांनी 1954 साली पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून हे दाखवून दिले. जंगल, तलाव आणि हिवताप जेथे पिढ्यान् पिढ्या एकत्र राहिले तेथे वाहक टिकून राहिले. पण दोन्हींकडून दोष आलेल्या रुग्णाला हे संरक्षण लाभत नाही. उलट हिवताप त्याला अधिकच जाचतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाच्या वेळी चारांत एक इतका संभव रोगाचा, चारांत दोन इतका वाहक होण्याचा असतो. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झाले असून त्यात तपासणी करून पत्रिका दिली जाते. लग्न जुळविताना जन्मपत्रिकेशेजारी ही पत्रिकाही उघडावी. वाहक असणे हा कलंक नव्हे, आणि दोष कोणत्याही एका जातीचा नाही.

एकच जंतू, दोन रूपे

कुष्ठरोगासाठी वर्ध्याजवळ दत्तपूर, अमरावतीस तपोवन व वरोऱ्यास आनंदवन या संस्था उभ्या राहिल्या, त्या विदर्भातच. डिसेंबर 2005 मध्ये देशाच्या सरासरीच्या दृष्टीने या रोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले, तरी पूर्व विदर्भात नवे रुग्ण आजही सापडतात. प्रतिकारशक्तीतील ‘मापा’चा प्रश्न या रोगाइतका स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

1873 साली नॉर्वेचे हॅन्सन यांनी शोधलेला हा जंतू अतिशय मंद आहे. त्याची संख्या दुप्पट व्हावयास बारा-चौदा दिवस लागतात. बहुसंख्य माणसांचे शरीर त्याला परस्पर निपटते व त्यांना कधीच रोग होत नाही. उरलेल्यांत ज्यांच्या टी-पेशी जोरकस असतात त्यांच्या अंगावर एक-दोनच बधिर चट्टे उठतात, जंतू जवळजवळ सापडत नाहीत. ज्यांच्या टी-पेशींना हा जंतू ओळखूनही त्याच्यावर चाल करता येत नाही, त्यांच्या त्वचेत जंतूंचे रान माजते, गाठी येतात, कानाच्या पाळ्या जाड होतात. जंतू तोच, फरक सगळा घरधन्याच्या वागण्याचा. आणि हाताची बोटे वाकतात ती मज्जातंतू सुजल्यामुळे, म्हणजे पुष्कळ अंशी शरीराच्याच माऱ्यामुळे.

यातून एक व्यावहारिक अडचण उद्‌भवते व तिच्यावाचून हा विषय अपुरा राहील. बहुविध औषधोपचार सहा किंवा बारा महिने घ्यावयाचा असतो. तो चालू असताना, कधी तो संपल्यावरही, चट्टे एकाएकी लाल होतात, कोपराजवळची शीर दुखू लागते, ताप येतो. रुग्ण समजतो की औषध उलटले, आणि तो ते फेकून देतो. वस्तुतः मेलेल्या जंतूंचे अवशेष पाहून शरीर भडकलेले असते. औषध मुळीच बंद करू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे, कारण सुजलेली नस काही आठवड्यांत कायमची निकामी होऊ शकते. तेथील वैद्यकीय अधिकारी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देतात व भडका शांत करतात. घरातील व शेजारच्या मंडळींना रिफाम्पिसिनची एक मात्रा देऊन त्यांचाही धोका कमी करता येतो.

हत्तीरोगाच्या गोळ्यांबाबत हाच अनुभव येतो. आपला जिल्हा या रोगाच्या पट्ट्यात मोडतो. डासांनी आणलेले कृमी लसवाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतात आणि शरीराच्या पहाऱ्याला एक प्रकारची गुंगी देतात, त्यामुळे प्रारंभी काहीच त्रास जाणवत नाही. सामुदायिक मोहिमेत डीईसी व अल्बेंडाझोल, कोठे कोठे त्यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन, दिले की रक्तातील पिल्ले मरतात व त्यांच्या मढ्यांवर शरीर उसळते. एक-दोन दिवस कणकण, अंगदुखी, चक्कर. ज्याला असा ताप आला त्याच्या रक्तात बहुधा कृमी होते, अर्थात त्याला गोळीची गरज होती. गावात नेमके उलट बोलले जाते. गोळी रिकाम्या पोटी घेऊ नये. गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालील मुले व गंभीर आजारी यांना ती देत नाहीत.

भुसा, तणस आणि सुई

निरुपद्रवी वस्तूला शत्रू समजणे हाही मापाचाच दोष. ओलसर राहिलेले तणस किंवा पुंजणे आतून तापते, त्यावर बुरशी व तत्सम सूक्ष्मजीव वाढतात. ते हलविताना उडणारी धूळ वारंवार फुप्फुसात गेली तर काहींच्या शरीरात तिच्याविरुद्ध प्रतिपिंड व पेशी तयार होतात. मग धूळ लागल्यानंतर चार ते आठ तासांनी, म्हणजे बहुधा रात्री, हुडहुडी, खोकला व धाप लागते. सकाळी काम आणि रात्री ताप असा हिशेब जुळत असेल तर तो हिवताप नसण्याचा संभव आहे. रक्त तपासून खात्री करावी व वैद्यकीय अधिकाऱ्याला तणसाची गोष्ट आवर्जून सांगावी. वर्षानुवर्षे हे चालले तर फुप्फुसे घट्ट होतात. तणस पुरते वाळवूनच रचावे, बुरसलेले हलविताना ते किंचित भिजवावे आणि नाकातोंडाला नुसते फडके न बांधता धूळरोधक मुखपट्टी लावावी.

आता सुईवाल्यांविषयी. पदवी नसलेली काही माणसे गुडघेदुखी, दमा, खाज, थकवा या सर्वांवर एकच इंजेक्शन देतात व रोगी तासाभरात उठून बसतो. त्या सुईत बहुधा स्टिरॉइड असते. कुष्ठरोगाच्या भडक्यात जे औषध हाताची बोटे वाचविते तेच येथे घातक ठरते, कारण ते शरीराच्या पहाऱ्याला झोपविते. सूज व दुखणे जाते, कारण लढाईच थांबलेली असते. क्षयाचे जंतू पुष्कळांच्या फुप्फुसांत पेशींच्या कुंपणाआड बंदिस्त असतात. वारंवार स्टिरॉइड मिळाले की ते कुंपण ढिले पडते. चेहरा गोल होतो, भूक वाढते, घरचे म्हणतात अंग धरले, आणि दोन-चार महिन्यांनी खोकल्यातून रक्त पडते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर अशा रुग्णाने थुंकी तपासून घ्यावी आणि आधी कोणती इंजेक्शने घेतली ते लपवू नये.

ज्यांनी अशी औषधे कित्येक महिने घेतली आहेत त्यांनी हा लेख वाचून ती एकदम सोडूनही देऊ नयेत. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिले की मूत्रपिंडांवरील ग्रंथी आपले नैसर्गिक स्टिरॉइड बनविणे थांबविते. ते पुन्हा सुरू व्हावयास आठवडे, कधी महिने लागतात. मध्येच औषध तोडले तर उलट्या, अशक्तपणा व रक्तदाब कोसळणे असा प्रकार होतो. सुईची रिकामी कुपी किंवा गोळ्यांची पट्टी घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जावे. ते मात्रा थोडी थोडी उतरवीत नेतात.